फ्लामेंकोचं माहेर

पुण्या-मुंबईत कथक आणि स्पेनमधलं नाच-गाणं फ्लामेंको यांची जुगलबंदी आता नवी राहिलेली नाही. एकीकडे घुंगरू, दुसरीकडे टाचेला आणि चवड्याला खिळे ठोकलेले बूट, मधे तबला आणि गिटार, आणि शेवटी दोघींनी मिळून गाठलेली सम. कार्यक्रम बहुतेकदा चांगला होतो. मग निवेदक माइक हातात घेतात आणि ते वाक्य हमखास येतं: फ्लामेंको मुळात आपलंच, राजस्थानातून गेलेल्या लोकांनी ते स्पेनला नेलं, कथकचीच ती धाकटी बहीण. सभागृह खूश होतं. मला मात्र हे वाक्य दर वेळी टोचतं. त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोडक्या खऱ्याच्या आडून काही माणसांवर अन्याय होतो. त्या माणसांचं गाणं मी गेली कित्येक वर्षं ऐकत आले आहे, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

आधी खरं काय ते. युरोपातल्या रोमा लोकांची, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणतात त्यांची, भाषा भारतीय कुळातली आहे, हे अठराव्या शतकाच्या शेवटी र्‍यूडिगर आणि ग्रेलमान या जर्मन अभ्यासकांनी दाखवून दिलं. स्पेनमधल्या रोमांना हितानो म्हणतात. त्यांची मूळ भाषा विरून गेली, पण जे शब्द उरले त्यात पाण्याला ‘पान्यी’ आहे, दोनाला ‘दुइ’, तिनाला ‘त्रिन’. अलीकडचे जनुकीय अभ्यासही वायव्य भारताकडेच बोट दाखवतात. हजारएक वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी निघालेली ही माणसं इराण, आर्मेनिया, बायझंटाइन साम्राज्य असा मुलूख ओलांडत गेली. 1425 मध्ये आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने त्यांच्या एका म्होरक्याला प्रवासाचा परवाना दिला. स्पेनमधली त्यांची पहिली लेखी नोंद ती हीच.

इथपर्यंत सगळं ठीक. पुढचा हिशेब मात्र जुळत नाही. आज आपण ज्याला कथक म्हणतो ते लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत आकाराला आलं ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. तोवर या लोकांनी भारत सोडून कितीतरी पिढ्या उलटल्या होत्या आणि स्पेनमध्ये येऊनच त्यांना तीनशेहून जास्त वर्षं झाली होती. ‘फ्लामेंको’ हे नाव गाण्याला लावलेलं सापडतं तेही 1847 च्या सुमाराला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की रोमा काही एकट्या स्पेनमध्ये गेले नाहीत. हंगेरीत ते व्हायोलिनच्या ताफ्यांसाठी नावाजले, बाल्कन देशांत पितळी वाद्यांच्या बँडसाठी, रशियात समूहगायनासाठी. फ्लामेंको यांतल्या कुठल्याही देशात उगवलं नाही. ते भारतातून सामानात बांधून नेलेलं असतं, तर वाटेत कुठेतरी सांडलं असतं. ते उगवलं फक्त दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात, आणि त्यातही मुख्यतः सेविया, हेरेस आणि कादिस यांच्या मधल्या एवढ्याशा पट्ट्यात. म्हणजे जे घडलं ते तिथे, त्या मातीत घडलं.

हे सगळं डोक्याला पटतं, पण कान ऐकत नाही, हेही मला मान्य आहे. फ्लामेंकोच्या गिटारवर सगळ्यांत जास्त ऐकू येणारी स्वरपंक्ती आपल्या भैरवी थाटाची आहे: रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल. वरून एक एक पायरी उतरत ते षड्जावर येतात, तेव्हा कोमल रिषभावरून षड्जावर पडताना होणारा तो हलका धक्का आपल्या ओळखीचा असतो. शिवाय षड्जाच्या स्वरमेळात ते गंधार शुद्ध करतात, त्यामुळे भैरवीत मधेच भैरवाची सावली पडल्यासारखी होते. मराठी माणसाला मैफिलीच्या शेवटी भैरवी ऐकण्याची सवय. इथे पहिल्या सुरापासूनच निरोपाची जागा येते. मला हे गाणं एवढं लागलं त्याचं एक कारण नक्कीच हे असणार. पण ही स्वरपंक्ती तुर्कांकडे आहे, ग्रीकांकडे आहे, अरबांकडे आहे, ज्यूंच्या प्रार्थनांमध्ये आहे. भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने ती सगळीकडे वस्तीला आहे. संगीतकार मान्युएल दे फाया यांनी 1922 मध्ये या गाण्याची मुळं शोधताना तीन गोष्टी मांडल्या होत्या: स्पेनच्या चर्चने घेतलेलं बायझंटाइन गायन, अरबांचं आगमन आणि हितानोंचं येणं. तीन नद्यांचं पाणी एकत्र झाल्यावर त्यातलं आपलं कुठलं, हे ओंजळीत घेऊन सांगता येत नाही.

हेरेस दे ला फ्रोन्तेरा या गावात सांतियागो नावाची वस्ती आहे. तिथल्या एका ‘पेन्या’त, म्हणजे रसिकांनी चालवलेल्या गाण्याच्या मंडळात, मी एकदा बसले होते. छोटासा हॉल, पांढऱ्या भिंती, भिंतींवर जुन्या गायकांचे फोटो. स्टेजवर गवताने विणलेल्या बैठकीच्या दोन लाकडी खुर्च्या. गायक साठीचा असावा. त्याने शब्द उचलण्याआधी नुसताच ‘आय’ असा एक लांब स्वर लावला, तो थोडा वर नेला, परत आणला, आवाज जागेवर आहे ना हे जणू हात लावून पाहिलं. आपल्या गायकाचा पहिला आकार असतो तसा तो नव्हता. त्यात गोडवा आणण्याची काही धडपडच नव्हती. घोगरा, घशाच्या तळातून येणारा, कडेला चिरलेला आवाज. माझ्या शेजारचे आजोबा बोटांच्या पेरांनी टेबलावर ताल धरत होते, आणि त्या गाण्यापेक्षाही माझं लक्ष त्या बोटांकडे जास्त होतं.

तो ‘सोलेआ’ हा फ्लामेंकोतला प्रकार होता. बारा मात्रांचा ताल. आपल्या एकतालातही बारा मात्रा असतात, पण आपली सम पहिल्या मात्रेवर. सगळं घर तिथून बांधलेलं. इथे वजन शेवटाकडे झुकलेलं. मोजून पाहा: एक दोन *तीन*, चार पाच *सहा*, सात *आठ*, नऊ *दहा*, अकरा *बारा*. तीन, सहा, आठ, दहा, बारा या मात्रांवर पेर जोरात पडतं. आधी तीन-तीनची ऐसपैस चाल, मग एकदम दोन-दोनची घाई. गिटारची ओळ दहाव्या मात्रेवर मिटते आणि अकरा-बारा हा मोकळा श्वास. आजोबांचं पेर दहाव्यावर पडायचं आणि त्या दोन मात्रांच्या फटीत ते हळूच ‘ओले’ म्हणायचे. मोठ्याने नाही, कुणाला ऐकू जावं म्हणून नाही. दाद कुठे द्यायची याचाही तिथे ताल आहे, आणि तो ताल त्या वस्तीतल्या पोरांना चालायला लागायच्या वयातच येतो. हे शिक्षण कुठल्याही देशातून आयात केलेलं नाही. घरातल्या जेवणाच्या टेबलावर, लग्नात, बारशात, मर्तिकात ते पिढ्यान् पिढ्या होत आलं आहे.

आणि त्या घरांना काय काय सोसावं लागलं ते पाहिलं, म्हणजे हे शिक्षण टिकलं याचंच आश्चर्य वाटतं. 1499 मध्ये राजा फर्नांदो आणि राणी इसाबेल यांनी हुकूम काढला: साठ दिवसांत भटकणं सोडून एखाद्या धन्याकडे कामाला लागा, नाहीतर देश सोडा, न ऐकणाऱ्याला फटके, नंतर कान कापणं. पुढच्या शतकांत त्यांची भाषा, पोशाख, ‘हितानो’ हे नावसुद्धा बंद करणारे कायदे आले. 30 जुलै 1749 या तारखेला सहाव्या फर्नांदोचा मंत्री मार्केस दे ला एन्सेनादा याच्या आदेशाने देशभर एकाच वेळी धरपकड झाली. हजारो माणसं उचलली गेली. नऊ हजारांच्या आसपास हा त्यातला कमीत कमी आकडा. पुरुष आरमाराच्या गोद्यांमध्ये सक्तमजुरीला, बायका-मुलं दुसरीकडे बंदिवासात. नवरा-बायकोंना वेगळं ठेवायचं, म्हणजे पुढची पिढी जन्मालाच येणार नाही, असा तो सरळ हिशेब होता. आणि पकडले गेले ते भटके नव्हेतच. घर करून राहिलेले, लोहारकाम करणारे, कायदा मानणारे लोक सापडायला सोपे, म्हणून तेच सापडले. काही लवकर सुटले. जे राहिले त्यांतल्या शेवटच्यांना बाहेर पडायला 1765 उजाडावं लागलं.

फ्लामेंकोतले सर्वांत जुने मानले जाणारे प्रकार, ‘तोना’ आणि ‘मार्तिनेते’, गिटारशिवाय गातात. मार्तिनेतेला साथ असलीच तर ऐरणीवरच्या हातोड्याची. त्यांच्या शब्दांत तुरुंग येतो, पहारेकरी येतो, आई येते. हेरेसचे मान्युएल आगुहेतास 2015 मध्ये वारले. त्यांच्या घरात भट्टी होती, त्यांनी स्वतः तरुणपणी लोखंड ठोकलेलं. त्यांचा मार्तिनेते ऐकताना सूर लावणं म्हणजे काय याची माझी जुनी कल्पना बाजूला ठेवावी लागली. तो माणूस सूर दाखवत नाही. त्याला जे सांगायचं असतं त्याच्यासाठी सूर जेवढा लागतो तेवढाच घेतो.

मग हे गाणं हितानोंचं, एवढं म्हणून प्रश्न मिटावा. पण स्पेनमध्येच तो मिटलेला नाही, आणि तिथला वाद आपल्याकडच्या त्या गोड वाक्यापेक्षा कितीतरी जास्त पोटतिडकीचा आहे.

1881 मध्ये आंतोनिओ माचादो इ आल्वारेस यांनी फ्लामेंकोच्या पदांचा पहिला मोठा संग्रह छापला. ‘देमोफिलो’ या टोपणनावाने लिहिणारे हे लोकसाहित्याचे अभ्यासक. कवी आंतोनिओ आणि मान्युएल माचादो यांचे वडील. त्यांना धास्ती होती की कॅफेंच्या रंगमंचावर गेल्याने हितानोंचं गाणं मरेल. गंमत अशी की त्यांना माहिती पुरवणारा आणि त्यांनी ज्याला डोक्यावर घेतलं तो गायक, सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती, स्वतः हितानो नव्हता. बाप इटालियन, जन्म सेवियाचा. आणि त्यानेच सेवियात गाण्याचा कॅफे चालवला! तिकीट काढून येणाऱ्या अनोळखी लोकांपुढे गायचं म्हणजे प्रकार ठरवावे लागले, त्यांना नावं द्यावी लागली, क्रम लावावा लागला. आज आपण ज्याला फ्लामेंकोचं शास्त्र म्हणतो त्यातलं बरंचसं त्या कॅफेंत बसलं. म्हणजे पहिल्या पुस्तकापासूनच ‘हे आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे रडगाणंही फ्लामेंकोच्या सोबतीला आहे.

1922 च्या जूनमध्ये फाया आणि तरुण कवी लॉर्का यांनी ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा राजवाड्यात गाण्याची स्पर्धा भरवली. शुद्ध गाणं वाचवायचं म्हणून धंदेवाईक गायकांना भाग घ्यायला बंदी. जिंकले कोण? दिएगो बेर्मुदेस, ‘एल तेनासास’ नावाचे एक म्हातारे गृहस्थ, जे कित्येक मैल पायी चालत आले होते असं सांगतात, आणि मानोलो काराकोल नावाचा जेमतेम बारा वर्षांचा मुलगा. तो मुलगा पुढे रंगमंचावरचा बडा धंदेवाईक गायक झाला, ऑर्केस्ट्राच्या साथीने गायला. गाण्यावर पोट असणाऱ्यांना बाहेर ठेवून गाणं वाचवता येतं ही कल्पनाच मला क्रूर वाटते. पास्तोरा पावोन, मान्युएल तोर्रे हे त्या काळचे थोर हितानो गायक धंदेवाईकच होते, कारण दुसरं काय असणार ते? त्यांच्याकडे ना जमिनी होत्या ना पेन्शन.

वाद खऱ्या अर्थाने पेटला तो आंतोनिओ माइरेना यांच्यामुळे. 1909 चा जन्म, हितानो, लोहाराच्या घरातले, आणि गायक म्हणून अव्वल. 1962 मध्ये त्यांना कोर्दोबात ‘सोन्याची किल्ली’ हा सर्वोच्च मान मिळाला. पुढच्याच वर्षी कवी रिकार्दो मोलिना यांच्यासोबत त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे गाणं आधी फार काळ हितानोंच्या घरांत, बंद दारांआड होतं, बाहेरच्यांना ते उशिरा कळलं, आणि त्याचा गाभा हितानोच आहे. उलट बाजूने पुढे लुइस लावाउर, गेर्हार्ड श्टाइनग्रेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं की बंद दारांच्या त्या काळाचा कागदोपत्री पुरावा नाही. फ्लामेंको ही एकोणिसाव्या शतकातल्या शहरांची, रंगमंचांची, आंदालुसियाबद्दलच्या रोमँटिक वेडाची निर्मिती आहे. माइरेनांनी काही रचना स्वतःच बांधल्या आणि जुन्या हितानो गायकांच्या नावावर खपवल्या, असाही आक्षेप आहे. मला तो आक्षेप वाचून माइरेनांबद्दल मायाच वाटली. ज्या समाजाच्या नावावर कधी काही जमा झालं नाही, त्याच्या खात्यावर स्वतःची कमाई टाकणारा माणूस आहे हा.

मी कागदपत्रांच्या बाजूची आहे, तरीही श्टाइनग्रेस वाचून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. फ्लामेंको केवळ शहरी रंगमंचाचा माल असेल, तर त्यातले सेगिरिया आणि सोलेआ हे प्रकार गाणारी मोठमोठी नावं मूठभर गावांतल्या मूठभर हितानो घराण्यांतूनच इतक्या संख्येने का यावीत? उत्रेराची फर्नांदा, सेवियाचे पावोन भावंडं, हेरेसचे तोर्रे. रक्तात गाणं असतं असं मी मानत नाही. घरात मात्र नक्की असतं. त्या घरांवर बाहेरून दार लावलेलं होतं, आणि आत जे होतं त्याची जोपासना आतल्यांनीच केली.

त्या दाराच्या फटींतून काय काय आत आलं, ते मात्र दोन्ही पक्ष पुरेसं सांगत नाहीत. सेविया आणि कादिस ही गुलामांच्या व्यापाराची बंदरं होती. सोळाव्या शतकात सेवियात हजारो गुलाम होते, त्यांत आफ्रिकेतून आणलेले पुष्कळ. त्यांच्या नाचांची नावं जुन्या स्पॅनिश साहित्यात सापडतात. मग त्याच बंदरांतून क्यूबाला गेलेली गाणी वेगळी होऊन परतली. ‘ग्वाहिरा’ हा प्रकार तसाच आला. आज फ्लामेंकोच्या स्टेजवर ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो लाकडी खोका, काहोन, पाको दे लुसिया यांनी 1970 च्या दशकात पेरूहून आणला. तिथल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचं ते वाद्य. आणि पाको दे लुसिया, ज्यांच्यावाचून आजच्या फ्लामेंको गिटारचा विचारच होत नाही, ते हितानो नव्हते. आल्हेसिरासच्या गरीब घरातले, आई पोर्तुगीज. त्यांच्या साथीने गाणारा कामारोन दे ला इस्ला सान फर्नांदोच्या हितानो लोहाराचा मुलगा. दोघांनी मिळून जे ध्वनिमुद्रण केलं त्यात कुणाचं किती, हे काढायला मी तरी बसणार नाही.

कामारोनची 1979 ची ‘ला लेयेन्दा देल तिएम्पो’ ही रेकॉर्ड आली तेव्हा म्हणे काही हितानो दुकानात परत द्यायला गेले, हा आमचा कामारोन नव्हे म्हणून. तिच्यात लॉर्काच्या कविता आहेत, इलेक्ट्रिक बास आहे, आणि शेवटच्या अंगाईत चक्क सतार आहे. सतार वाजवणारा ग्वाल्बेर्तो सेवियातल्या रॉक बँडमधला. फ्लामेंकोत आपल्या वाद्याचा पाय लागला तो असा: विसाव्या शतकात, एका रॉकवाल्याच्या हातून.

आता पुन्हा त्या निवेदनातल्या वाक्याकडे. ‘रोम’ हे नाव ‘डोम’ या जातिनामावरून आलं, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याच मुळाचा ‘डोंब’ आपल्याकडे आहे, आणि डोंबारीही. दोरीवर चालणारी पोर आणि खाली ढोलकी वाजवणारी आई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत कोल्हाटी आहेत, घिसाडी आहेत. घिसाडी म्हणजे पाल टाकून रस्त्याकडेला लोखंड ठोकणारे लोहारच. स्पेनच्या राजांनी जे केलं, तशाच धर्तीचा कायदा इंग्रजांनी 1871 मध्ये इथे केला आणि कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कागदावरून पुसायला 1952 उजाडलं, आणि पोलीस चौकीत तो अजून पुसलेला नाही. हितानो आपले, असं म्हणणाऱ्या सभागृहाला त्याच नात्याने डोंबारीही आपले म्हणावे लागतील. त्यांना आपण घर भाड्याने देत नाही. सात समुद्रांपलीकडे ज्यांना टाळ्या मिळतात त्या नातेवाइकांवर तेवढा हक्क सांगायचा, हे मला लाजिरवाणं वाटतं.

आणि समजा नातं पुरतं सिद्ध झालं, तरी काय? ज्यांनी गोदीतल्या साखळदंडांत, भट्टीसमोर, कॅफेतल्या धुरात उभं राहून एक गाणं घडवलं, त्यांना ‘तुम्ही हे आमच्याकडून नेलंत’ असं सांगायचं म्हणजे त्यांची कमाई दुसऱ्यांदा काढून घेणं आहे. पहिल्यांदा ती स्पेनने घेतली. ज्यांची भाषा बंद केली त्यांचं गाणं पर्यटनाच्या पोस्टरवर लावलं, आणि 2010 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत फ्लामेंको आलं ते स्पेनचं म्हणून. 2018 मध्ये गायिका रोसालियाच्या दुसऱ्या अल्बमनंतर हितानो कार्यकर्त्या चिडल्या त्या याच कारणाने. कातालोनियातली ही मुलगी रीतसर फ्लामेंको शिकलेली आहे आणि मला तिचा आवाज आवडतो. तिने गाऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण ज्यांच्या उच्चारांची एरवी टिंगल होते, त्यांचेच उच्चार दुसऱ्याच्या तोंडी गेले की त्यांना बक्षिसं मिळतात, ही तक्रार खरी आहे.

मूळ आणि कर्तृत्व यांतला फरक मला सर्वांत स्पष्ट दिसला तो पास्तोरा पावोनच्या ‘बाम्बेरा’त. पास्तोरा म्हणजे ला निन्या दे लोस पेइनेस, 1890 ते 1969, सेवियाची हिताना. लहानपणीच घर चालवायला गाऊ लागली. तिच्या रेकॉर्ड्सना आंदालुसियाच्या सरकारने वारसा म्हणून संरक्षण दिलं आहे. बाम्बेरा हे हितानोंचं गाणं नव्हे. आपल्याकडे नागपंचमीला झाडाला झोके बांधून बायका गाणी म्हणतात, तसं तिकडच्या खेड्यांतल्या बायका झोपाळ्यावर बसून म्हणत ते हे लोकगीत. कुठून आलं याबद्दल कुणाचा काही वाद नाही. पास्तोराने ते उचललं आणि तिच्या गळ्यातून ते फ्लामेंको होऊन बाहेर पडलं. तिच्यानंतर बाम्बेरा गाणारा प्रत्येक जण, हितानो असो वा नसो, पास्तोराची बाम्बेरा गातो.